जुन्या घरातील गॅस फायरप्लेस पेटवण्यापूर्वी तिची तपासणी कशी करावी?

नेपरव्हिलवासी

नमस्कार. शिकागोजवळच्या नेपरव्हिल येथे आम्ही या उन्हाळ्यात १९७० च्या दशकात बांधलेले एक घर विकत घेतले. दिवाणखान्यात विटांची मोठी फायरप्लेस आहे. ती मूळची लाकडे जाळण्यासाठीच बांधलेली असावी, कारण वर धुरांड्याच्या तोंडाशी लोखंडी डॅम्पर, म्हणजे धुरांड्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप, अजून शाबूत आहे. मधल्या काळात कोणीतरी तिच्यात गॅसचा बर्नर आणि त्यावर सिरॅमिकचे नकली ओंडके बसवले आहेत. ते कधी बसवले, कोणी बसवले आणि नगरपालिकेची परवानगी घेतली होती का, याविषयी आधीच्या मालकांनी दिलेल्या कागदपत्रांत एक अक्षरही नाही. घर घेताना ज्या निरीक्षकाने पाहणी केली त्याच्या अहवालात, गॅस फायरप्लेस आहे पण पायलट (बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) बंद असल्यामुळे ती चालवून पाहिली नाही, एवढीच नोंद आहे.

मी टॉर्च घेऊन जे पाहिले ते सांगते. मागच्या ओंडक्यावर आणि त्याच्या वरच्या विटांवर काजळीचा थर आहे. बोट फिरवले की काळे होते. बर्नरवर करड्या लोकरीसारखे तुकडे पसरलेले आहेत आणि काही ठिकाणी ते दाबून बसवल्यासारखे दिसतात. डॅम्पर हाताने ओढला की पूर्ण मिटतो. गॅसचा कॉक शेजारच्या भिंतीत आहे, तो किल्लीने फिरवायचा असून फार कडक झाला आहे. घरात कार्बन मोनॉक्साइडचा एकच अलार्म आहे, तो वरच्या मजल्यावरील बोळात आहे आणि त्याच्या पाठीमागे उत्पादनाचे वर्ष २०१३ असे छापलेले आहे.

नोव्हेंबरमध्ये माझे सासू-सासरे साताऱ्याहून येणार आहेत आणि संपूर्ण हिवाळा आमच्याकडे राहणार आहेत. सासूबाईंना हृदयाचा त्रास आहे. जिना चढायला नको म्हणून त्यांची झोपण्याची खोली तळमजल्यावर, दिवाणखान्याला लागूनच ठेवली आहे. शेजारच्या गृहस्थांचे म्हणणे असे की पायलट पेटवून पाहावा, ज्योत निळी असेल तर काळजीचे कारण नाही. मला ते पटत नाही, परंतु नेमके काय पाहावे हेही समजत नाही. यातील कोणत्या गोष्टी घरच्या माणसाने तपासाव्यात, कोणत्या गोष्टींना हातही लावू नये आणि तपासणीसाठी नेमके कोणाला बोलवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मिसिसागा, गॅस तंत्रज्ञ

नमस्कार. मी ओंटारियोत परवानाधारक गॅस तंत्रज्ञ म्हणून काम करतो. इलिनॉयचे परवान्याचे नियम आमच्याहून वेगळे आहेत, पण गॅस आणि धूर सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच वागतात, म्हणून सविस्तर लिहितो. सर्वांत आधी एक विनंती करतो: तपासणी होईपर्यंत ती फायरप्लेस पेटवू नका, पायलटसुद्धा पेटवू नका. भिंतीतला कॉक कडक असेल तर पाना लावून त्याच्याशी झटापट करू नका. वर्षानुवर्षे न फिरवलेल्या कॉकच्या आतले ग्रीस सुकून गेलेले असते आणि जोर लावल्यावर नेमकी तिथूनच गळती सुरू होते.

शेजाऱ्यांचा निळ्या ज्योतीचा सल्ला स्वयंपाकाच्या शेगडीसाठी योग्य आहे. ओंडक्यांच्या फायरप्लेसमध्ये मात्र ज्योत लाकडाच्या जाळासारखी दिसावी म्हणून मुद्दामच पिवळी ठेवलेली असते, त्यामुळे रंगावरून तिची प्रकृती कळत नाही. ती काजळीवरून कळते. ज्योत ओंडक्याला चाटून जात असल्यामुळे अशा संचात थोडी काजळी धरतेच, पण बोट काळे होईल इतका थर, आणि तोही विटांवर, याचा अर्थ गॅस पुरता जळत नाही असाच घ्यावा. जिथे ज्वलन अपुरे असते तिथे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. कारणे बहुधा साधी असतात. ओंडके मूळ जागेवरून सरकलेले असतात आणि ज्योत त्यांच्यावर थेट आदळत राहते. प्रत्येक संचातील ओंडक्यांची मांडणी पुस्तिकेत चित्रासह दिलेली असते आणि ती शोभेसाठी बदलायची नसते. तुम्ही पाहिलेले लोकरीसारखे तुकडे निखारे दिसावेत म्हणून घालतात. ते सैल, विरळ पसरायचे असतात. कोणी ते बर्नरच्या भोकांवर दाबून बसवले की ज्योतीला हवा मिळत नाही. याशिवाय बर्नरमध्ये हवा शिरण्याच्या तोंडाशी कोळ्याचे जाळे असणे, हेही आम्हाला नेहमी सापडते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. विटांच्या फायरप्लेसमध्ये बसवलेले गॅसचे संच दोन प्रकारचे असतात आणि बाहेरून पाहिले तर ते जवळजवळ सारखेच दिसतात. पहिल्या प्रकारात धूर धुरांड्यातून बाहेर गेलाच पाहिजे. दुसरा प्रकार व्हेंट-फ्री म्हणून विकला जातो, तो डॅम्पर बंद ठेवून चालतो आणि त्याच्या ज्वलनातून निघणारे सर्व काही खोलीतच राहते. तुमचा संच कोणता आहे हे अंदाजाने ठरवू नका. व्हॉल्व्हजवळ, बर्नरच्या खाली किंवा बारीक साखळीला अडकवलेली एक धातूची पट्टी असते. तिच्यावर मॉडेल क्रमांक, गॅसचा प्रकार, बीटीयूचा (उष्णता मोजण्याच्या एककाचा) आकडा आणि ज्या मानकानुसार संच बनवला त्याचा क्रमांक असतो. एएनएसआय (अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था) झेड२१.६० असे लिहिले असेल तर तो धुरांड्याचा संच, झेड२१.११.२ असे असेल तर व्हेंट-फ्री. व्हेंट-फ्री संचाला ताशी ४०,००० बीटीयूची मर्यादा असते, तर धुरांड्याचे संच बहुधा त्याहून बरेच मोठे असतात. टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा घेऊन ही पट्टी शोधणे, तिचा फोटो काढणे आणि त्या मॉडेलची पुस्तिका निर्मात्याच्या संकेतस्थळावरून मिळवणे, हे काम तुम्ही आजच करू शकता. तोच मॉडेल क्रमांक अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या, म्हणजे सीपीएससीच्या, परत मागवलेल्या उत्पादनांच्या यादीतही पडताळून पाहा.

तुमचा डॅम्पर पूर्ण मिटतो, हे वाचून मी थांबलो. संच धुरांड्याचा असेल तर डॅम्पर कधीच पूर्ण मिटता कामा नये. त्याच्या पात्याला लोखंडी क्लॅम्प लावून तो कायमचा उघडा ठेवतात, म्हणजे घरात थंडी येते म्हणून कोणी तो ओढून घेतला तरी फट शिल्लक राहते. हा क्लॅम्प हातात मावेल एवढाच असतो आणि लाकडाच्या फायरप्लेसमध्ये गॅस बसवताना हौशी माणसे नेमका तोच विसरतात. डॅम्पर बंद आणि धुरांड्याचा संच चालू, याहून घातक जोडी या उपकरणात दुसरी नाही.

डॅम्पर उघडा असला म्हणजे धूर वर जातोच असेही नाही. धुरांड्यात पक्ष्याचे घरटे असेल, टोपी मोडून विटा आत पडल्या असतील किंवा आतील मातीच्या नळ्यांचे अस्तर तडकले असेल, तर वाट अडते. गॅसच्या धुरात पाण्याची वाफ पुष्कळ असते. लाकडासाठी बांधलेल्या रुंद, थंड धुरांड्यात ती वाफ भिंतीवर निवते आणि हे आम्लधर्मी पाणी सांध्यांचे मॉर्टर खात जाते. बाहेरच्या विटांवर पांढरी बुरशीसारखी पुटे दिसत असतील तर ती याचीच खूण असू शकते. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संघटनेचे एनएफपीए २११ हे मानक धुरांड्याची दरवर्षी तपासणी करायला सांगते आणि घर विकले गेल्यावर दुसऱ्या स्तराची, म्हणजे आत कॅमेरा सोडून करायची, तपासणी करायला सांगते. तुमची तपासणी याच दुसऱ्या स्तराची व्हायला हवी.

आमच्या ओंटारियोत वुडस्टॉक या गावी डिसेंबर २००८ मध्ये हॉकिन्स कुटुंबातील चौघे, आई-वडील आणि दोन मुले, कार्बन मोनॉक्साइडने दगावली. गॅस फायरप्लेसची धूर जाण्याची वाट बंद झाली होती आणि घरात अलार्म नव्हता. त्या घरातली आई स्वतः पोलीस अधिकारी होती. त्यांच्या नातेवाइकांनी पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केल्यामुळे २०१३ मध्ये इथे अलार्मचा कायदा झाला आणि त्याला हॉकिन्स-गिन्याक यांचे नाव आहे. हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. ती फायरप्लेस घरच्यांना रोजच्यासारखीच पेटताना दिसत असणार, आणि पेटते आहे यावरून काहीही सिद्ध होत नाही, एवढे ध्यानात यावे म्हणून लिहितो.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या स्वयंपाकघरांना विशेष लागू पडते. फोडणीचा वास राहू नये म्हणून आपण चुलीवर जोरदार एग्झॉस्ट बसवतो. घराच्या खिडक्या नव्या आणि घट्ट असतील, वरचा पंखा पूर्ण वेगाने चालू असेल आणि त्याच वेळी बाथरूमचा पंखा आणि कपडे वाळवण्याचे यंत्रही चालू असेल, तर ती सारी यंत्रे घरातली हवा बाहेर फेकतात आणि तिची भरपाई धुरांड्यातून उलट्या दिशेने होते. म्हणून चांगला तंत्रज्ञ सर्व दारे-खिडक्या लावून आणि सगळे पंखे चालू ठेवून परीक्षा घेतो. बर्नर पाच मिनिटे चालला की तो फायरप्लेसच्या वरच्या कडेला धूर सोडणारी कांडी धरतो. आपल्या उदबत्तीनेही ते तितकेच स्पष्ट दिसते. धुराची रेघ आत खेचली जाऊन वर गेली तर ठीक. ती खोलीत परतली तर बर्नर तिथेच बंद करून कारण शोधायचे. ही परीक्षा त्याच्यासमोर करून घ्या, आधी स्वतः करू नका.

तंत्रज्ञाने आणखी काय करायला हवे तेही सांगतो, म्हणजे केवळ धूळ झटकून बिल दिले गेले तर तुम्हाला ते कळेल. त्याने मॅनोमीटर लावून गॅसचा दाब मोजला पाहिजे. नैसर्गिक वायूवर बर्नरकडे जाणारा दाब बहुतेक संचांत पाण्याच्या ३.५ इंच उंच स्तंभाच्या दाबाच्या आसपास असतो आणि नेमका आकडा पट्टीवर दिलेला असतो. पायलट विझल्यावर व्हॉल्व्ह स्वतःहून बंद होतो का, हे त्याने पाहिले पाहिजे. हे काम थर्मोकपल करते. ज्योतीच्या उष्णतेवर त्यात जेमतेम २५ ते ३० मिलिव्होल्ट वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर व्हॉल्व्ह उघडा राहतो, ज्योत गेली की थोड्या वेळात टक् असा आवाज होऊन तो मिटतो. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहणे, लवचिक नळी कोणत्या काळातली आहे ते पाहणे आणि खोलीतील कार्बन मोनॉक्साइड यंत्राने मोजून आकडा लिहून देणे, हेही त्याचेच काम. पितळेची, वर कोणतेही आवरण नसलेली जुनी नळी सापडली तर ती हलवूनही पाहू नये, बदलूनच टाकावी; तिचे सांधे निखळतात म्हणून सीपीएससीने फार पूर्वीच इशारा दिलेला आहे. फोनवर बोलतानाच, नॅशनल फायरप्लेस इन्स्टिट्यूटचे गॅस विषयातील प्रमाणपत्र आहे का आणि लेखी अहवाल मिळेल का, हे दोन प्रश्न विचारा. धुरांड्यासाठी सीएसआयएचे, म्हणजे अमेरिकेतील धुरांडे सुरक्षा संस्थेचे, प्रमाणपत्र असलेला माणूस वेगळा लागू शकतो.

क्लीव्हलँड, डॉक्टर

वरील उत्तरात फायरप्लेसविषयी जे लिहिले आहे त्यात मी भर घालू शकत नाही. सासूबाईंच्या प्रकृतीचा उल्लेख असल्याने वैद्यकीय बाजू मात्र थोडी मांडते.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. ज्यांचे हृदय आधीच कमी रक्तपुरवठ्यावर चालते त्यांना, गर्भवतींना आणि लहान मुलांना तो कमी प्रमाणातही बाधतो. डोके जड होणे, मळमळ, थकवा, छातीत दडपण, थोडा गोंधळ उडणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. भारतातून नुकत्याच आलेल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत ही सगळी लक्षणे प्रवासाचा शीण, थंडी बाधली किंवा जेट लॅग यांच्या खात्यावर सहज टाकली जातात, याची मला फार काळजी वाटते. ताप नाही, घरातील एकाहून अधिक जणांना एकाच वेळी त्रास होतो आहे आणि बाहेर फिरून आले की बरे वाटते, अशी जुळणी दिसली तर आधी सर्वांनी घराबाहेर पडावे आणि बाहेरून ९११ ला फोन करावा. अग्निशमन दलाकडे हवा मोजण्याचे यंत्र असते.

कोविडनंतर आपल्यापैकी अनेकांच्या घरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. या बाबतीत त्याच्यावर मुळीच विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्या उपकरणाला ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते, त्यामुळे रुग्ण गंभीर असतानाही पडद्यावर ९८ किंवा ९९ असा आकडा दिसू शकतो. खरे प्रमाण रुग्णालयात रक्ताच्या विशिष्ट तपासणीतूनच समजते.

तुमचा २०१३ चा अलार्म आजच काढून टाका. त्यातील संवेदक ठरावीक काळच काम करतो. त्या काळातील बहुतेक अलार्मचे आयुष्य पाच ते सात वर्षांचे होते आणि आताचेही साधारण दहा वर्षांपर्यंतच चालतात. चाचणीचे बटण दाबल्यावर आवाज येतो तो भोंगा आणि बॅटरी ठीक असल्याचा, संवेदक जिवंत असल्याचा नव्हे. इलिनॉयच्या कायद्यानुसार १ जानेवारी २००७ पासून झोपण्याच्या प्रत्येक खोलीपासून १५ फुटांच्या आत असा अलार्म असणे बंधनकारक आहे, म्हणजे सासूबाईंच्या खोलीजवळ एक हवाच. आकडा दाखवणारा अलार्म घ्या. यूएल २०३४ या मानकाचा अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) वाजायला एक ते चार तास घेऊ शकतो आणि ३० पीपीएमला तो दीर्घकाळ गप्पच राहतो, तसे तो मुद्दामच बनवलेला असतो. निरोगी माणसाला ते चालून जाते. हृदयरुग्ण त्याच खोलीशेजारी रोज झोपत असेल तर लहान आकडेही डोळ्यांसमोर असलेले बरे.

एडिसनचा रहिवासी

आमच्याकडे १९९० च्या दशकातील, कारखान्यात बनवलेली आणि पुढे काच असलेली डायरेक्ट-व्हेंट फायरप्लेस आहे. नेपरव्हिलच्या प्रश्नात ती बसत नाही, पण हे वाचणाऱ्या अनेकांच्या घरी हाच प्रकार असेल म्हणून लिहितो. तिच्यात हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो, दोन्हींसाठी एकात एक बसवलेली नळी भिंतीतून निघते, त्यामुळे घरातली हवा तिच्याशी मिसळत नाही. परंतु हे सारे काचेभोवतीची गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी पट्टी, घट्ट असेल तोवरच खरे. जुनी गॅस्केट कडक होऊन तुटते. आमच्या तंत्रज्ञाने काच काढली तेव्हा खालच्या बाजूच्या गॅस्केटचा अक्षरशः चुरा झाला होता.

त्या काचेचे तापमान ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते आणि बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते. नुकती उभी राहायला लागलेली मुले आधारासाठी दोन्ही तळहात तिच्यावर टेकवतात. १ जानेवारी २०१५ नंतर बनलेल्या फायरप्लेसना काचेपुढे संरक्षक जाळी द्यावीच लागते; आधीच्यांना ती नसते. आमच्या नातवासाठी आम्ही निर्मात्याकडून त्याच मॉडेलची जाळी मागवली. बाजारातील कोणतीही जाळी बसवू नये, कारण हवेचा प्रवाह बिघडतो.

पेटवताना भप् असा आवाज होऊन आग एकदम उसळत असेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. गॅस साचून उशिरा पेट घेतो आहे, असा त्याचा अर्थ. पायलटची भोके बुजलेली असतात किंवा ओंडके चुकीचे ठेवलेले असतात, आणि अशा धक्क्याने काच फुटू शकते. बाहेरच्या भिंतीवरील तोंडापुढे बर्फ साचू देऊ नये, झुडूप वाढू देऊ नये. इतकेच सांगायचे होते.

नेपरव्हिलवासी

सर्वांचे मनापासून आभार. प्रमाणपत्र असलेला फायरप्लेस तंत्रज्ञ आणि धुरांड्याचा तपासनीस, दोघेही येऊन गेले, त्यामुळे आता माहिती देते.

पट्टी बर्नरच्या उजव्या पायाला तारेने बांधलेली सापडली. संच झेड२१.६० चा, म्हणजे धुरांड्याचाच निघाला, ताशी ६०,००० बीटीयूचा. डॅम्परला क्लॅम्प नव्हता. कॅमेऱ्यात दिसले की धुरांड्याची टोपी एका बाजूने मोडलेली आहे, खालच्या वळणावर जुन्या घरट्याच्या काड्या अडकल्या आहेत आणि वरच्या भागात अस्तराच्या दोन नळ्या उभ्या तडकल्या आहेत. भिंतीतील कॉकच्या जोडाला साबणाचे पाणी लावल्यावर बारीक बुडबुड्यांची माळ दिसली. खोलीत वास अजिबात येत नव्हता. आपल्याकडे सिलिंडरचा गॅस जड असल्याने तो जमिनीलगत शोधायची सवय असते, परंतु इथला नैसर्गिक वायू हलका असून तो वर आणि भिंतीच्या पोकळीत जातो, असे तंत्रज्ञाने सांगितले. त्याने तळघरातून त्या नळीचा पुरवठा बंद करून तिला टोपी लावली आहे आणि लेखी अहवालात फायरप्लेस वापरू नये असे नमूद केले आहे. नवे अलार्म तीन ठिकाणी लावले आहेत.

आता पुढचा निर्णय करायचा आहे. अस्तर दुरुस्त करून हाच संच ठेवणे महाग पडते आहे. एका कंत्राटदाराने सुचवले की व्हेंट-फ्री संच बसवला तर धुरांड्याचा प्रश्नच उरत नाही आणि खर्चही निम्म्याहून कमी येतो. दुसऱ्याने त्याच जागेत डायरेक्ट-व्हेंट इन्सर्ट, म्हणजे जुन्या फायरप्लेसच्या पोकळीत बसणारा बंद संच, बसवायला सांगितले. तुमचे मत काय? आणि पुढे जे काही बसवू त्याचा पायलट उन्हाळ्यात चालू ठेवावा की बंद करावा?

मिसिसागा, गॅस तंत्रज्ञ

तंत्रज्ञाने नळीला टोपी लावली हे उत्तम केले. वास येत नव्हता यात नवल नाही. गळती बारीक असली की गॅस विरून जातो, आणि वाढत्या वयात नाकही तितके तीक्ष्ण राहत नाही. म्हणून जोडांसाठी साबणाचे पाणीच खरे. मात्र एक लक्षात असू द्या की कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गॅसच्या गळतीला वाजत नाही. ती दोन वेगळी संकटे आहेत आणि गळतीसाठी वेगळा डिटेक्टर मिळतो. नैसर्गिक वायूचा डिटेक्टर छताजवळ लावतात. कार्बन मोनॉक्साइडचे वजन हवेइतकेच असल्यामुळे त्याच्या अलार्मची उंची इतकी आड येत नाही, पुस्तिकेत सांगितले असेल तिथे लावावा.

व्हेंट-फ्रीविषयी माझे मत स्पष्ट आहे: तुमच्या घरात तो बसवू नका. कॅनडात आणि कॅलिफोर्नियात घरांमध्ये तो चालत नाही. इतर अनेक राज्यांत चालतो आणि नियम पाळून तो वापरणारेही पुष्कळ आहेत, हे मी नाकारत नाही. त्याच्या पायलटमध्ये ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असते आणि खोलीतील ऑक्सिजन नेहमीच्या सुमारे २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की ती गॅस बंद करते. परंतु ती मोजते ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड नव्हे. ओंडका सरकला किंवा बर्नरमध्ये धूळ बसली, तर ऑक्सिजन पुरेसा असतानाही विषारी वायू तयार होऊ शकतो आणि तो जायला वाट नसते. शिवाय ३०,००० बीटीयूचा संच तासाला सव्वा लिटरहून थोडे अधिक पाणी वाफेच्या रूपाने खोलीत सोडतो. इलिनॉयच्या थंडीत ते खिडक्यांवर आणि भिंतींच्या आत निवून बुरशी धरते. हृदयरुग्ण शेजारच्या खोलीत झोपणार असताना वाचलेल्या पैशांसाठी हा धोका पत्करावा, असे मी कोणालाच सांगणार नाही.

इन्सर्ट हा चांगला मार्ग आहे. त्यासाठी जुन्या धुरांड्यातून दोन लवचिक ॲल्युमिनियमच्या नळ्या वरपर्यंत नेतात, एकीतून बाहेरची हवा खाली येते आणि दुसरीतून धूर वर जातो. स्वयंपाकघरातील पंख्याने हवा कितीही ओढली तरी इन्सर्टला त्याचा उपद्रव होत नाही. तडकलेल्या अस्तराची धूर वाहण्याची जबाबदारी संपते, तरी धुरांडे बाहेरून मजबूत आहे का हे तपासनिसाकडून लेखी घ्या, आणि वरची टोपी इन्सर्टच्या निर्मात्याचीच बसवा. नगरपालिकेचा परवाना कंत्राटदाराने काढला पाहिजे आणि काम झाल्यावर त्यांच्या निरीक्षकाने ते पाहिले पाहिजे. परवान्याची गरज नाही असे सांगणाऱ्याला काम देऊ नका. वरच्या फळीवर दूरदर्शन संच, गणपतीची मखर किंवा तोरण ठेवायचे असेल तर पुस्तिकेत ज्वलनशील वस्तूंसाठी जे अंतर दिले आहे ते मोजूनच ठेवा. आणि आलेल्या पाहुण्यांना आधीच सांगा की या आगीत कागद, निर्माल्य, धूप असे काहीही टाकायचे नसते. सिरॅमिकच्या ओंडक्यांवर जळलेले अवशेष बर्नरची भोके बंद करतात.

पायलटबद्दल सांगायचे तर शक्य असल्यास विजेच्या ठिणगीने पेटणारा इन्सर्ट घ्या, म्हणजे पायलट लागेल तेव्हाच पेटतो आणि हा प्रश्न उद्भवत नाही. सतत जळणाराच घेतला तर तो उन्हाळ्यात बंद करायला हरकत नाही, गॅसही वाचेल. बंद काळात कोळी बर्नरच्या तोंडाशी घर करतात, म्हणून दर वर्षी सप्टेंबरमध्ये, पहिल्या थंडीच्या गर्दीआधी, साफसफाई आणि तपासणी करून घ्या आणि त्यानंतरच पेटवा. पेटवताना एकदा पेटला नाही तर नॉब बंद करून निदान पाच मिनिटे थांबावे, साचलेला गॅस जाऊ द्यावा आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. गॅसचा वास येत असेल तर दुसरा प्रयत्न करूच नये. दिव्याच्या बटणाला हात न लावता सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि रस्त्यावर गेल्यावर गॅस कंपनीला फोन करावा. ही कृती मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून फायरप्लेसजवळ लावून ठेवा, कारण दिवसा घरी तुमचे सासू-सासरेच असणार आहेत.